दोन्ही इंधनांवर मान टाकणारी गाडी : खंबाटकीच्या चढावरचं एक प्रकरण

हे प्रकरण जानेवारी २०२४ चं आहे. गाडीमालकांचं नाव, गाव आणि गाडीची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, बाकी आकडे आणि क्रम माझ्या वहीत जसा आहे तसाच ठेवलाय. माझं गॅरेज शिरवळ भागात आहे, म्हणजे पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी गाडी खंबाटकी चढायच्या आधी माझ्या दारावरून जाते, त्यामुळे "घाटात ओढत नाही" ही तक्रार मला नवीन नाही. पण या गाडीने मला तीन दिवस फिरवलं, आणि का फिरवलं ते लिहिणं मला गरजेचं वाटतं कारण याच फसगतीत आधीचे दोन मेकॅनिक अडकले होते आणि पहिला दीड दिवस मी पण अडकलो होतो.

पार्श्वभूमी

गाडी २०१६ ची, बाराशे सीसीची चार सिलेंडर पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किलोमीटर झालेली. २०१८ मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं, बसवलेलं. मालक पुण्यात शिक्षक, त्यांना इथे सर म्हणतो. दर शनिवारी सातारा जिल्ह्यातल्या गावी जायचं, आईला दवाखान्यात न्यायचं आणि रविवारी परत यायचं, हा त्यांचा ठरलेला क्रम. म्हणजे दर आठवड्याला खंबाटकीचा चढ एकदा ठरलेला, येताना बोगदा असल्यामुळे तो त्रास नाही.

वापर ९५ टक्के गॅसवर. पेट्रोल फक्त सकाळी स्टार्ट करण्यापुरतं, रिड्यूसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) गरम झाला की किट आपोआप गॅसवर जातं. टाकीत पेट्रोल किती ठेवता विचारलं तर म्हणाले, "एक काडी असते, लाईट लागली की पाचशेचं टाकतो." असं सहा वर्षं चाललंय. हे वाक्य मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं पण त्याच्या खाली रेघ मारली नव्हती, ती मारायला हवी होती.

अडचण नेमकी काय होती

सपाट रस्त्यावर गाडी एकदम छान. आयडलिंगला थोडी थरथर, पण एवढं सगळ्याच जुन्या सीएनजी गाड्यांना असतं. घाट लागला, तिसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबला की गाडी मान टाकायची. झटके बसायचे, चेक इंजिन लाईट लुकलुकायची आणि मग कायमची लागून राहायची. सर मग बटण दाबून पेट्रोलवर घ्यायचे, झटके थांबायचे पण गाडी काही ओढायची नाही, दुसऱ्या गिअरमध्ये पंचवीस-तीसच्या स्पीडने कशीबशी वर. मागे लोड भरलेला ट्रक, हॉर्न, डाव्या बाजूला घ्यायला जागा नाही, गाडीत आजारी आई. पिकअपची तक्रार म्हटली की लोकांना ती हौसेची गोष्ट वाटते, पण घाटात ओढ गेली तर तो सरळ जिवाचा प्रश्न आहे आणि मी ती तशीच धरतो.

आजी त्या दिवशी गाडीतच होत्या. मी बोनेट उघडून बोलत होतो तेव्हा मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अरे बाळा, माझ्या सीटखाली भुंगा गुणगुणतो बघ सारखा." सर म्हणाले, आईला रस्त्याचा आवाज येतो. मी पण मान हलवली आणि पुढे गेलो.

आधी काय काय बदललं गेलं होतं

पहिल्या गॅरेजला स्कॅनरवर कोड निघाला मिसफायरचा, म्हणजे सिलेंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याचा, दोन नंबर सिलेंडर. त्यांनी चारही प्लग आणि दोन नंबरची कॉइल बदलली. चार दिवस बरं वाटलं, शनिवारी घाटात परत तेच.

दुसऱ्या गॅरेजला कोड निघाला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. त्यांनी थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर मशीनवर धुतले आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवीन टाकला. फरक शून्य. मग त्यांनी एक हिशोब मांडला जो ऐकायला एकदम बरोबर वाटतो : गॅसवर पण ओढत नाही, पेट्रोलवर पण ओढत नाही, म्हणजे दोष इंधनात नाही, दोन्हीला सामाईक असलेल्या भागात आहे. मग सामाईक काय उरतं, इग्निशन, कॉम्प्रेशन आणि सायलेन्सर लाईन. इग्निशन नवीन आहे, म्हणजे सायलेन्सर लाईनमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय, बदला. त्याचा खर्च ऐकून सर माझ्याकडे आले. तोवर साडेचौदा हजार गेले होते.

ऑक्सिजन सेन्सरबद्दल इथेच सांगतो कारण हे रोज बघतो. सेन्सर सांगतोय की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. तो खरं सांगतोय. त्याला बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे. कोड हा तक्रारअर्ज आहे, त्यात आरोपीचं नाव नसतं.

पहिला दिवस : मी पण त्याच रस्त्याने गेलो

मला पण तो सामाईकपणाचा हिशोब पटला होता, म्हणून मी कन्व्हर्टरपासूनच सुरुवात केली, फक्त बदलण्याऐवजी मोजून. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला, २५०० आरपीएमला बॅकप्रेशर (धूर अडला की मागे येणारा दाब) जवळपास नाहीच, काटा हलला म्हणावा एवढंच. व्हॅक्यूम गेज पण स्थिर, रेस धरून ठेवली तरी हळूहळू खाली येत नाही. कन्व्हर्टर मोकळा. कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलेंडर १७० पीएसआयच्या आसपास, एकमेकांत फार फरक नाही. इंजिन तंदुरुस्त.

म्हणजे अर्धा दिवस देऊन मला एवढंच कळलं की काय नाहीये. त्याचा पण उपयोग असतो, सरांचा कन्व्हर्टरचा मोठा खर्च तिथेच वाचला. पण संध्याकाळी मी जिथे होतो तिथेच होतो.

निर्णयाची जागा : चार पर्याय

रात्री सरांना फोन करून सगळं समोर ठेवलं. एक पर्याय होता फ्युएल पंपाची पूर्ण असेंब्ली सरळ नवीन टाकायची, कारण लीन कोड आणि लोडवर ओढ जाणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की पंपाकडे बोट जातंच. पण पंप वाईट असता तर गॅसवर गाडी नीट चालायला हवी होती, ती चालत नव्हती, म्हणून अंदाजावर सात-आठ हजार घालवायची माझी हिंमत होईना. दुसरा, किटवाल्याकडे पाठवून गॅसचं मॅपिंग, म्हणजे किती गॅस सोडायचा याचं किटमधलं सेटिंग, नव्याने करून घेणं. तिसरा, हवा कुठून चोरवाटेने शिरतेय का, म्हणजे व्हॅक्यूम लीक, ते शोधत इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणारा भाग) उघडणं. चौथा म्हणजे काहीच न बदलता गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवायची, स्कॅनर लावून घाटात न्यायची, आधी फक्त पेट्रोलवर आणि मग फक्त गॅसवर, आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे.

चौथा निवडला. कारण सिक्वेन्शियल किटमध्ये एक गुंता असतो जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गॅसचे इंजेक्टर स्वतःच्या अक्कलेने चालत नाहीत, गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल इंजेक्टरला जो सिग्नल देतो तोच किटचा कॉम्प्युटर घेतो आणि गॅसच्या भाषेत बदलून पुढे देतो. ईसीएमला पत्ताच नसतो की आपण गॅसवर आहोत. मग गॅसचं मॅपिंग थोडं लीन असलं तर ईसीएम स्वतःचा फ्युएल ट्रिम (इंधन किती टक्के वाढवायचं की कमी करायचं ती दुरुस्ती) वाढवत नेतो आणि शेवटी पी ०१७१ टाकतो, आणि स्कॅनर लावणाऱ्याला वाटतं पेट्रोलची लाईन खराब आहे. म्हणजे हा कोड गॅसवर पडलाय की पेट्रोलवर हे कोडवरून कळतच नाही. म्हणून आधी जुनं शिकलेलं सगळं पुसायचं आणि एकाच इंधनावर गाडी चालवायची, याला दुसरा उपाय नाही.

सर थोडे नाराज झाले, शनिवार जवळ आला होता. पण म्हणाले, "भाऊ, दोनदा अंदाजावर पैसे गेलेत, आता मोजूनच करा."

दुसरा दिवस : घाटातले आकडे

सगळ्यात आधी टाकीत पंधरा लिटर पेट्रोल टाकलं. चढावर गाडी तिरकी झाली की तळाशी असलेलं थोडंसं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंपाचं तोंड उघडं पडू शकतं, ही शंका सगळ्यात स्वस्तात मिटत होती. गॅस बंद, ट्रिम रिसेट, आणि शिरवळ ते घाटमाथा, बोगद्यातून परत, असे दोन फेरे.

पेट्रोलवर चित्र असं आलं. आयडलिंगला ट्रिम अधिक ३, सपाटीला २५०० आरपीएमवर अधिक ९, चढ लागल्यावर अधिक २४. आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज जे ०.८ च्या वर जायला पाहिजे ते ०.१ वर पडून राहिलेलं. मिसफायर काउंटर चारही सिलेंडरला शून्य. हा उतार-चढाव खूप बोलका आहे. हवा कुठून तरी आत शिरत असती, म्हणजे व्हॅक्यूम लीक, तर ट्रिम आयडलिंगला जास्त आणि रेस वाढवल्यावर कमी झाला असता. इथे उलटं आहे, जेवढी मागणी जास्त तेवढा तुटवडा जास्त. म्हणजे पेट्रोल पुरत नाहीये. इनटेक उघडायचा पर्याय तिथेच बाद.

मग गॅसवर. ट्रिम अधिक ७-८ च्या आसपास, थोडा लीन पण सहन होण्यासारखा. पण चढावर दाबलं की मिसफायर काउंटर धावायला लागला, आधी दोन नंबर, मग तीन. सेन्सरही लीन दाखवायला लागला, कारण सिलेंडरमध्ये जाळ झाला नाही की न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि सेन्सर त्याला लीनच समजतो.

गाडी घाटमाथ्यावर बाजूला घेतली आणि वही उघडून दोन्ही रकाने बघितले. पेट्रोलवर लीन पण मिसफायर नाही. गॅसवर मिसफायर, लीन नंतर. आम्ही सगळे जण याला एक आजार समजत होतो, ते दोन होते. ड्रायव्हरच्या सीटवरून दोन्हीची जाणीव एकच, "ओढत नाही". आणि दोन्ही इंधनांवर ओढत नाही म्हणजे सामाईक भाग, हा जो पक्का वाटणारा हिशोब होता तो दोष एकच असेल तरच खरा असतो हे कोणी बोललंच नव्हतं, मी पण नाही.

गॅसची बाजू

ही दहा मिनिटांत सापडली. प्लग काढले, नवेकोरे, रंग छान, आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर ठिणगी पडायच्या जागेचा गॅप १.१ मिलिमीटर. खोक्यातून काढले तसे बसवले होते. पेट्रोलला तो चालतो. सीएनजीला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यात चढावर सिलेंडरमधलं प्रेशर वाढतं, मग मोठ्या गॅपमध्ये ठिणगी उडी मारत नाही. साधे निकेलचे प्लग होते म्हणून बाहेरची पट्टी हलक्या हाताने दाबून ०.८ वर आणले. इरिडियम असते तर मी असं वाकवायला गेलो नसतो, त्याचं बारीक टोक लगेच तुटतं.

त्याच दुपारी गॅसवर घाट चढलो, काउंटर शून्य. एकही पार्ट विकत घेतला नाही.

पेट्रोलची बाजू

इथे वेळ लागला. या गाडीला रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) प्रेशर तपासायचा नॉझल नाही, त्यामुळे पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, लाईनमधलं प्रेशर उतरवायचं आणि मग क्विक कनेक्टरच्या मध्ये टी जोडून गेज लावायचा. अग्निशामक जवळ ठेवून आणि इंजिन थंड असतानाच. गेजची नळी लांब घेतली आणि गेज बाहेरून काचेवर वायपरच्या खाली चिकटपट्टीने बांधला, म्हणजे चालवताना काटा दिसतो आणि पेट्रोल केबिनमध्ये येत नाही. माझ्याकडचा पोरगा शेजारी बसून आकडे लिहीत होता.

उभ्या गाडीला ३ बार, अगदी हवं तेवढं. गॅरेजमध्ये रेस दिली तरी ३. म्हणजे दारातच टेस्ट करून सोडलं असतं तर पंप पास झाला असता. घाटात तिसऱ्या वळणापर्यंत काटा २.४, आणि पुढे १.८ पर्यंत खाली.

आता परत निर्णयाची जागा. प्रेशर पडतंय म्हणजे पंप गेला असं नव्वद टक्के लोक म्हणतील आणि मी पण पाच वर्षांपूर्वी म्हटलं असतं. पण पंपाला करंट नीट पोचतोय का हे बघायचं होतं. मागची सीट उचलली. झाकण काढताना एकदम आजींचा भुंगा आठवला. त्या जिथे बसल्या होत्या त्याच्या बरोबर खाली पंप असतो, आणि या किटमध्ये गॅसवर असतानाही पंप फिरतच राहतो. पंपाला पेट्रोल ओढताना त्रास झाला की तो असाच गुणगुणतो. गाडीतल्या सगळ्यांत जवळ बसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी जागा दाखवली होती.

कनेक्टरला मल्टिमीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर १०.६. कनेक्टर काढला तर एक पिन काळी पडलेली, आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी आणि मऊ. पिन सैल, सैल म्हणून रेझिस्टन्स, रेझिस्टन्समुळे ती तापते आणि तापून अजून सैल होते. नवीन पंप टाकला असता तर तो पण याच जळक्या पिनवर बसला असता आणि काही महिन्यांत सर परत आले असते.

पिन आणि कनेक्टर बदलला, व्होल्टेज १३.३. परत घाट. काटा २.३ वर थांबला. सुधारणा आहे पण पूर्ण नाही. मग तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीतलं पंपाचं मॉड्यूल बाहेर काढलं. पंपाच्या तळाची जाळी, जी पांढरी असते, ती चहाच्या फडक्यासारखी झालेली. बोटाने दाबली तर चिकट तपकिरी साय बोटाला आली. टाकीच्या तळातून बाटलीत काढलं तर खाली पाण्याचा वेगळा थर आणि बारीक गंज.

हे का झालं याबद्दल माझं मत असं. चार-पाच लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून, वरची मोकळी जागा हवेने भरलेली, त्या हवेतली आर्द्रता रात्री टाकीच्या भिंतीवर घाम धरते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, एका मर्यादेच्या पुढे ते पाणी घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. पंप पेट्रोलनेच थंड होतो, इथे तेच थोडंसं पेट्रोल गोल गोल फिरून गरम होत होतं. सगळा दोष इथेनॉलवर टाकणं मला बरोबर वाटत नाही, हेच पेट्रोल दर आठवड्याला संपत असतं तर एवढा साका धरला नसता.

टाकी रिकामी करून धुतली, जाळी नवीन. पंपाची मोटर बदलायची का यावर सरांशी बोललो. माझं म्हणणं होतं की सहा वर्षं उपाशी फिरलाय, बदला. सर म्हणाले, आधी मोजून बघा. त्यांचं बरोबर होतं. नवीन जाळीवर घाटात काटा २.९ ते ३ च्या मध्ये, माथ्यापर्यंत हलला नाही, म्हणून मोटर जुनीच ठेवली.

काय निष्पन्न झालं

सर शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन गेले. पैसे घ्यायच्या आधी त्यांनाच चालवायला देऊन घाट चढवला, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर, कारण तक्रार त्यांच्या पायाला जाणवत होती, स्कॅनरला नाही. बिल मजुरीसकट ४,२०० झालं, त्यात पार्ट म्हणजे फक्त जाळी, कनेक्टर आणि ओ-रिंग. पेट्रोलवर चढाचा ट्रिम अधिक ५ वर आला. दुसऱ्या गॅरेजने काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर परत मागा असं मी म्हटलं होतं, तो चांगलाच असणार, पण तो मिळाला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे दोन्ही इंधनांचे आकडे मी पहिल्याच सकाळी वेगळे घ्यायला हवे होते. सीएनजी गाडीत मेकॅनिकला आयती सोय मिळते, बटण दाबून अर्धी सिस्टीम बदलता येते. ती सोय आम्ही वापरली, पण "चालते की नाही" एवढंच विचारलं, "कशी चालत नाही" हे विचारलं नाही. झटके गॅसवर, नुसती अशक्त ओढ पेट्रोलवर, हा फरक सरांच्या पहिल्या वाक्यात होता.

प्लग नवे आहेत म्हणून मी ते तपासले नाहीत, ही सरळ चूक. नवीन पार्ट म्हणजे बरोबर पार्ट नव्हे. पहिल्या गॅरेजलाही फार बोल लावता येत नाही, जुने प्लग झिजले असतीलच आणि चार दिवस फरक पडला होताच, पण फीलर गेज खिशात असताना तो घातला गेला नाही.

आणि आजींचं ऐकायला हवं होतं. आवाज कुठून येतो हे विचारून पाच मिनिटं मागच्या सीटवर बसलो असतो तर पंपाकडे दीड दिवस आधी पोचलो असतो. आता कोणतीही गाडी आली की मी मागे बसणाऱ्यालाही विचारतो.

सरांकडून एवढंच मागितलं की टाकी निम्मी ठेवा आणि आठवड्यातून एकदा गाव ते महामार्ग असं दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. जुलैमध्ये ते प्लगचा गॅप बघायला आले, तो ०.९ वर गेला होता, परत ०.८ केला. पेट्रोलचा काटा निम्म्याच्या वर होता. गॅसचं मॅपिंग तेव्हाही थोडं लीन होतं, ते किटवाल्याकडून दिवाळीच्या सुट्टीत करून घ्यायचं ठरलं. आजी गाडीतच होत्या, भुंगा गेला का विचारलं तर म्हणाल्या, "गेला, पण आता मला झोप लागते आणि घाट कधी आला कळत नाही."